वाशिष्ठीच्या उथळ पात्रात छोट्या होडीने मासेमारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणपासून खाली दाभोळपर्यंतची वाशिष्ठी ही नदीही आहे आणि खाडीही. पुढील उत्तरे दोन-तीन माणसांची सपाट तळाची होडी घेऊन, गळाने मासे धरण्यासाठी या पात्रात पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी लिहिली आहेत. ज्यांचे घर या पाण्यावर चालते त्यांना यातले बहुतेक सारे आधीच ठाऊक असते.

वाशिष्ठीचे पात्र इतके उथळ आणि बेभरवशाचे का आहे?

सह्याद्रीच्या कड्यावरून उतरणारी ही नदी थोड्याच अंतरात समुद्रसपाटीला येते. उतार संपला की पाण्याचा वेग मोडतो आणि पावसाळ्यात डोंगरावरून वाहून आलेली माती, वाळू व गोटे चिपळूणच्या आसपास आणि त्याखाली साचू लागतात. त्यातच दिवसातून दोनदा समुद्राची भरती खालून वर येते, नदीच्या प्रवाहाला अडवते आणि गाळ बसायला मदत करते. २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर पात्रातील गाळ मोठ्या प्रमाणावर काढण्यात आला, म्हणजे काही ठिकाणी पात्र खोल झाले. पण पुढचा प्रत्येक पावसाळा नवी बेटे आणि नवे उंचवटे घडवतोच. त्यामुळे चार वर्षांपूर्वीची खात्रीची वाट आज खात्रीची धरू नये. गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत एके काळी मालाची गलबते येत असत, हे खरे आहे. परंतु त्यावरून आजच्या खोलीचा अंदाज बांधणारे लोक अजून भेटतात, याचे आश्चर्य वाटते.

पात्राची खोली आधी कशी समजून घ्यावी?

उपग्रहाच्या छायाचित्रांत वाळूचे पट्टे, बेटे आणि नदीची वळणे दिसतात, म्हणून घरून निघण्यापूर्वी ती अवश्य पाहावीत. मात्र छायाचित्र भरतीच्या वेळी घेतलेले आहे की ओहोटीच्या, हे त्यावरून सहज ओळखता येत नाही. भरतीच्या छायाचित्रात जो भाग निळाशार, अखंड दिसतो, त्याच भागात ओहोटीला बगळे चालत असतात.

सर्वांत उपयोगी माहिती काठावरच्या माणसांकडे असते, फक्त प्रश्न नीट विचारावा लागतो. "होडी जाईल का?" असे विचारल्यास उत्तर बहुधा "जाईल" असेच येते, कारण सांगणारा स्वतःच्या होडीचा आणि स्वतःच्या सवयीचा विचार करतो. त्याऐवजी "सुकतीला, म्हणजे ओहोटीला, नदी कुठे चालत ओलांडता येते?" असे विचारावे. त्या उत्तरातून उथळ पट्ट्यांचा नकाशाच हाती येतो. शक्य असेल तर आदल्या दिवशी पूर्ण ओहोटीच्या वेळी काठाने फिरून उघडे पडलेले खडक, खुंट आणि वाळूचे उंचवटे डोळ्यांनी पाहून घ्यावेत आणि त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

होडीत मात्र बांबूला पर्याय नाही. साधारण तीन मीटर लांबीचा सरळ बांबू घेऊन त्यावर दर दहा सेंटीमीटरला रंगाची रेघ मारावी आणि पुढे बसलेल्या माणसाने तो सतत टेकवत राहावे. मासे शोधण्याचे यंत्र खोली दाखवते, पण ती होडीच्या खालची, पुढची नव्हे. शिवाय तळ मऊ चिखलाचा आहे, वाळूचा आहे की खडकाचा, हे बांबू हातालाच कळवतो.

भरतीची वेळ कशी काढावी?

कोकणातला जुना हिशेब असा की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. ही वेळ सकाळची आणि रात्रीची दोन्ही धरावी, कारण दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते आणि म्हणून रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. हा ठोकताळा आहे, कोष्टक नव्हे. दिवस ठरवायला तो पुरेसा आहे. प्रत्यक्ष निघण्याची वेळ ठरवण्यासाठी त्या वर्षाचे छापील किंवा संकेतस्थळावरील भरती-ओहोटीचे कोष्टकच पाहावे.

येथे नवख्यांचा एक गोंधळ हमखास होतो. कोष्टकातील वेळ समुद्रकिनाऱ्यावरील बंदराची असते, आणि खाडीच्या मुखापासून जितके आत जावे तितकी भरती उशिरा पोहोचते. वरच्या भागात पाणी चढायला कमी वेळ घेते आणि उतरायला जास्त. आपण ज्या ठिकाणाहून होडी लोटणार तेथे हा उशीर किती, हे एखादा दिवस काठावर खूण रोवून स्वतः मोजावे किंवा धक्क्यावरच्या मच्छीमारांना विचारावे.

पाणी सहा तासांत सारख्याच वेगाने चढते का?

नाही, आणि उथळ पात्रात हाच मुद्दा सर्वांत महत्त्वाचा ठरतो. भरती-ओहोटीतील फरकाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्या तासात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग पाणी बदलते. समजा फरक २४० सेंटीमीटरचा आहे. तर पहिल्या तासात पाणी जेमतेम २० सेंटीमीटर उतरेल, मात्र तिसऱ्या तासात ६० आणि चौथ्यात आणखी ६०. पहिला तास पाहून "अजून बरेच पाणी आहे" असे म्हणत गळ टाकून बसलेला माणूस पुढच्या दोन तासांत अडकतो, त्याचे कारण हे गणित आहे. खाडीच्या वरच्या भागात तासांची ही विभागणी काटेकोर राहत नाही, तरी मधल्या तासांत पाणी सर्वाधिक धावते हे तेथेही खरेच असते.

पहिल्या खेपेला कोणती तिथी निवडावी?

नवमी ते एकादशी, आणि सकाळ. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा भरती खूप चढते, ओहोटी खूप उतरते आणि मधल्या वेळात प्रवाहाला जोर असतो. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत भांगाची भरती असते, म्हणजे फरक कमी, ओढ कमी, आणि ओहोटीलाही उथळ पट्ट्यांवर उधाणाच्या ओहोटीपेक्षा जास्त पाणी राहते.

यात आणखी एक सोय दडलेली आहे. उधाणाच्या दिवसांत पूर्ण भरती दुपारच्या सुमारास येते, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पडते. गळ टाकणाऱ्यांच्या आवडीच्या नेमक्या त्याच वेळा असल्यामुळे, पौर्णिमेचा दिवस धरून पहाटे निघालेली नवखी मंडळी नदीतील सर्वांत कमी पाण्यात उतरतात. दशमीला मात्र मुखाशी सकाळी साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि आत ती त्यानंतर पोहोचते. उजाडल्यावर निघालेल्या होडीला चढते पाणी मिळते.

चढत्या पाण्यावरच जावे, असे का सांगितले जाते?

चढत्या पाण्यात होडी टेकली तर थोडा वेळ थांबल्यावर पाणीच तिला उचलते. उतरत्या पाण्यात टेकली तर प्रत्येक मिनिटाला ती अधिक घट्ट बसते. अर्ध्या ओहोटीला रुतलेल्या होडीला पुन्हा तितके पाणी मिळायला सुमारे सहा तास लागतात. उधाणाच्या अगदी टोकाच्या भरतीला एखाद्या उंचवट्यावर होडी चढून बसली तर प्रकरण याहून अवघड होते, कारण पुढची प्रत्येक भरती आधीपेक्षा कमी चढणारी असते आणि पुढच्या उधाणापर्यंत, म्हणजे जवळजवळ पंधरवडाभर, तेथे पुरेसे पाणी येईलच असे नाही.

म्हणून अनोळखी भागाचा शोध चढत्या पाण्यात घ्यावा. गोवळकोटसारख्या वरच्या ठिकाणाहून निघणाऱ्याला याचा फायदा मिळतो : येणाऱ्या भरतीच्या विरुद्ध हळूहळू खाली जावे, आणि परतताना तीच भरती होडीला घराकडे लोटते, शिवाय जाताना मोजलेल्या प्रत्येक जागी आता अधिक पाणी असते. दाभोळच्या बाजूने वर येणाऱ्याचे उलटे असते. भरती त्याला सहज आत आणते, आणि परतीच्या वाटेवर त्याला उतरते पाणी मिळते. त्याने भरती पूर्ण होण्याची वाट न पाहता त्याआधीच तोंड फिरवावे.

कोयनेच्या अवजलाचा येथे काय संबंध?

कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीसाठी वापरलेले पाणी सह्याद्रीच्या पूर्वेकडे परत जात नाही. पोफळी आणि कोळकेवाडीमार्गे ते पश्चिमेला उतरते आणि अखेरीस वाशिष्ठीत येते. या अवजलामुळे ऐन उन्हाळ्यातही नदीला पाणी असते, पण ते विजेच्या मागणीप्रमाणे कमी-जास्त होते. चिपळूणच्या वरच्या भागात, जेथे भरतीचा प्रभाव संपतो, तेथे पाऊस नसताना आणि भरतीची वेळ नसताना पाणी वाढले किंवा उतरले तर त्याचे कारण बहुधा हेच असते. तेथे होडी काठाला लावून जेवायला बसायचे असेल तर ती सैल दोराने, वरच्या जागी बांधावी. गोट्यांच्या पट्ट्यावर उभे राहून गळ टाकणाऱ्याने पायाशी एक दगड खूण म्हणून ठेवावा आणि तो बुडू लागताच काठ गाठावा.

पाण्याकडे पाहून खोली ओळखता येते का?

बऱ्याच अंशी येते. वळणाच्या बाहेरच्या काठाला प्रवाह घासून जातो, म्हणून तेथे पाणी खोल असते. आतल्या काठाला वाळू साचते. सरळ कापलेल्या काठाखाली खोली मिळण्याची शक्यता जास्त, आणि पाण्यात हळूहळू उतरत गेलेल्या काठासमोर ती कमी. परंतु एका वळणावरून दुसऱ्या वळणाकडे जाताना खोल धार एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे तिरकी जाते आणि नेमकी तेथेच ती सर्वांत उथळ होते. बहुतेक होड्या वळणावर नव्हे, दोन वळणांच्या मध्ये टेकतात.

प्रवाहात पृष्ठभागावर उलट्या-सुलट्या खुणा दिसतात. जिचे टोक प्रवाहाच्या दिशेने खाली आहे अशी गुळगुळीत पाचर दोन अडथळ्यांमधली मोकळी वाट दाखवते. जिचे टोक वरच्या बाजूला आहे तिच्या टोकाशी खडक किंवा खुंट असतो. आजूबाजूला पाणी शांत असताना एकाच पट्ट्यात बारीक, चुळबुळत्या लाटा उठत असतील तर तो पट्टा उथळ समजावा. जगबुडीसारखी उपनदी मिळते तेथे दोन्ही प्रवाहांचा वेग मोडून गाळ बसतो, म्हणून संगमाच्या कोपऱ्यातून आडवाट घेऊ नये. नदीच्या मधोमध बगळा उभा असेल तर त्याच्या पायांची लांबी लक्षात घ्यावी. याहून स्पष्ट सूचना नदी देत नाही.

सकाळी सूर्य समोर असेल तर यातले काहीच दिसत नाही. धुके असेल तर तेही नाही. अशा वेळी थांबावे.

होडी आणि इंजिन कसे असावे?

सपाट तळाची, हलकी फायबरची होडी रिकामी असताना १५ ते २० सेंटीमीटर पाण्यातही तरंगते, पण मागे लावलेल्या इंजिनाचा पंखा त्याच्या बराच खाली जातो. म्हणून होडीला किती पाणी लागते हे इंजिन खाली सोडून, माणसे आणि सामान चढवून प्रत्यक्ष मोजावे. तो आकडा ५० सेंटीमीटर आला, तर बांबूवर ८० दिसताच वेग कमी करावा आणि ६० दिसताच इंजिन वर उचलून वल्हे किंवा बांबू हाती घ्यावा. इंजिन उचलण्याची खीळ मोकळी ठेवावी, म्हणजे अडथळा लागताच ते आपोआप वर येईल. सारे वजन मागे बसवू नये. एक माणूस पुढे सरकला तरी मागची बाजू काही सेंटीमीटर उचलली जाते.

वेगात गेलेली होडी पाण्यावर उचलली जाते आणि कमी पाण्यातून निघून जाते, हे खरे आहे, आणि म्हणूनच काही जण उथळ पट्टा दिसताच वेग वाढवतात. घाबरून वेग कमी करण्याचा क्षण आला की तीच होडी मागून खाली बसते आणि उथळ पट्ट्याच्या मधोमध रुतते. अनोळखी पात्रात पायी चालण्याइतकाच वेग ठेवावा.

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या थंडाव्याच्या पाण्याच्या धारेकडे अधूनमधून पाहावे. ती बारीक झाली की गाळ किंवा प्लास्टिक आत अडकले असे समजून इंजिन लगेच बंद करावे. चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला बांधलेली असावी. एकट्याने जाणाऱ्याच्या बाबतीत ती नसेल तर पडलेल्या माणसाला सोडून होडी निघून जाते. पंख्याची सुटी पिन, पक्कड, पाणी उपसायला डबा, धारदार सुरी, वल्ह्यांची जोडी आणि प्रत्येकाच्या अंगात बांधलेले जीवरक्षक जाकीट, एवढे होडीत हवेच. जाकीट बाकाखाली ठेवण्याची वस्तू नाही.

होडी रुतली तर काय करावे?

इंजिन बंद करून वर उचलावे आणि घड्याळ पाहावे. पाणी चढत असेल तर नांगर टाकून शांत बसावे. उतरत असेल तर पहिली दोन-चार मिनिटेच आपली असतात : सर्वांनी टेकलेल्या भागापासून दूर सरकून, ज्या वाटेने आलो त्याच वाटेने बांबूने होडी मागे रेटावी. पुढे रेटून पलीकडे निघण्याचा मोह टाळावा, कारण मागचे पाणी मोजलेले आहे आणि पुढचे नाही.

ढकलण्यासाठी खाली उतरायचेच असेल तर आधी बांबूने तळ तपासावा. वाळू उपसलेल्या भागात गुडघाभर पाण्याशेजारी माणूस बुडेल असा खड्डा असू शकतो. खडकांवर कालवे, म्हणजे धारदार कडांचे शिंपले, असतात आणि ती तळव्याला पात्यासारखी कापतात, म्हणून जाड तळाचे बूट हवेत. प्रवाह असेल तर होडीच्या वरच्या अंगाला उभे राहावे. खालच्या अंगाला उभ्या असलेल्या माणसावर सुटलेली होडी येते. पाय चिखलात गुडघ्यापर्यंत गेले तर एक पाय जोराने ओढून दुसरा अधिक खोल घालवू नये. होडीच्या काठावर किंवा आडव्या वल्ह्यावर छातीचा भार टाकून पाय हळूहळू मोकळे करावेत.

होडी निघतच नसेल तर नांगर खोल पाण्याच्या दिशेने टाकून ठेवावा, म्हणजे पुढच्या भरतीला होडी तरंगली की ती त्या बाजूला ओढून घेता येते. मग काठावरच्या ओळखीच्या माणसाला कळवावे, डोक्यावर सावली धरावी आणि होडीतच राहावे. काठ जवळ दिसतो म्हणून चिखलातून चालत निघणे हे या परिस्थितीतले सर्वांत वाईट पाऊल आहे.

मगरींचा धोका खरा आहे का?

होय. वाशिष्ठीत मगरी आहेत, आणि त्या पाहण्यासाठी पर्यटकांना होड्यांतून नेलेही जाते. अशा भागातील मगरी होडीच्या आवाजाला सरावलेल्या असतात, त्यामुळे त्या चटकन पाण्यात जात नाहीत. त्यांना माणसाळलेल्या समजू नये. काठावर पडलेल्या मगरीपासून निदान तीस मीटर दूर राहावे आणि तिच्या व पाण्याच्या मध्ये होडी घालू नये. साधारण फेब्रुवारीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत अंडी घालण्याचा आणि पिले निघण्याचा काळ असतो. तेव्हा मादी घरट्याजवळच असते आणि आक्रमक होते, म्हणून त्या महिन्यांत वाळूच्या निर्जन काठावर आणि बेटांवर उतरणे टाळावे.

मासे साफ करून आतडी पाण्यात टाकणे, पकडलेले मासे पिशवीत घालून होडीबाहेर लोंबकळत ठेवणे आणि होडीच्या काठावरून हात पाण्यात सोडून बसणे या तिन्ही सवयी येथे सोडाव्यात. मगर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. तिला हुसकावणे, दगड मारणे किंवा चारा टाकून जवळ बोलावणे हा केवळ अविचार नव्हे, गुन्हाही आहे.

नांगर कसा टाकावा?

नेहमी होडीच्या पुढच्या टोकावरून. मागून टाकलेल्या नांगरामुळे इंजिनाचे वजन असलेली आधीच खाली गेलेली बाजू प्रवाहाला सामोरी येते आणि पाणी आत शिरते. दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडावा आणि भरती येणार असेल तर वाढणारी खोलीही हिशेबात धरावी. नांगर अडकला तर ओढाताण न करता दोर कापावा.

दुपारी नदी अचानक खवळते, असे का म्हणतात?

दुपारनंतर समुद्रावरून पश्चिमेचा वारा वाहू लागतो. त्याच वेळी ओहोटी असेल तर पाणी पश्चिमेला आणि वारा पूर्वेला, अशी समोरासमोर गाठ पडते आणि खालच्या रुंद पात्रात आखूड, उभ्या लाटा उठतात. कमी काठाच्या होडीला त्या पुरेशा धोकादायक असतात. दाभोळजवळच्या मुखाकडे, जेथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात, तेथे नदीसाठी बांधलेली होडी नेऊच नये.

स्थानिकांची जाळी वाटेत आली तर?

पाण्यात रोवलेल्या खुंटांची रांग किंवा तरंगणारे बुचांचे गोळे दिसले की इंजिन वर उचलून दूरच्या बाजूने वळसा घालावा. पंख्यात अडकलेले जाळे होडीला जागीच थांबवते, आणि फाटलेले जाळे कोणाची तरी कमाई बुडवते. चुकून फाटलेच तर थांबून मालकाला भेटावे व भरपाई द्यावी. नाहीतरी रुतलेल्या होडीच्या मदतीला सर्वांत आधी पोहोचणारी माणसे हीच असतात.

पकडलेल्या माशांपासून काही इजा होते का?

शिंगटीच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. गळ सोडवताना मासा पक्कडीने किंवा जाड फडक्याने धरावा. उथळ चिखलात पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, बसलेली असते, म्हणून पाण्यात उतरल्यावर पाय उचलून न टाकता घासत चालावे. दोन्ही जखमांवर सोसवेल इतक्या गरम पाण्याचा शेक वेदना कमी करतो, आणि त्यानंतर डॉक्टरांना दाखवावे. मेलेले मासे पाण्यावर तरंगताना दिसले तर त्या दिवशीचा कोणताही मासा खाऊ नये.

पावसाळ्यात जावे का?

नाही.

परवानगी आणि मदतीसाठी कोणाकडे जावे?

इंजिनाच्या होडीच्या नोंदणीबाबत महाराष्ट्र सागरी मंडळाकडे, तर मासेमारीच्या नियमांबाबत मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे चौकशी करावी. त्या पट्ट्यातील मच्छीमार सहकारी संस्थेलाही आधी भेटावे. निघताना घरच्यांपाशी किंवा धक्क्यावर होडीचा रंग, माणसांची संख्या, कोणत्या गावापर्यंत जाणार आणि परतीची वेळ लिहून द्यावी. आणीबाणीत ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि खाडीच्या मुखाकडे असल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा. डोंगरांमध्ये दबलेल्या काही वळणांवर मोबाइलला संपर्क मिळत नाही, तेव्हा जाताना शेवटचा संपर्क कोणत्या ठिकाणी मिळाला तेही लक्षात ठेवावे. फोन जलरोधक पिशवीत, अंगावर असावा, होडीच्या डब्यात नव्हे.